मुलाचे आठवडे वाटून न्याय होणार नाही

वेगळ्या झालेल्या आईवडिलांमध्ये मुलाचा वेळ कायद्यानेच निम्मा-निम्मा वाटून द्यावा, ही मागणी गेली काही वर्षे जोर धरते आहे. वडिलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना ती मांडतात, काही वकील मांडतात, आणि तिच्या विरोधात बोलणारा लगेच पुरुषांचा वैरी ठरतो. मागणी थोडक्यात अशी: महिन्यातले पंधरा दिवस आईचे, पंधरा दिवस बापाचे. न्यायाधीशाने सुरुवातीलाच हे गृहीत धरायचे आणि ज्याला ते मान्य नसेल त्याने ते का नको हे सिद्ध करायचे. ऐकताना यात समता दिसते. तरीही ही मागणी चुकीची आहे. ज्या दुःखातून ती आली ते खरे असल्यामुळे तर ती नुसती झटकून चालणार नाही, मुद्दा घेऊन तपासावी लागेल.

ते दुःख आधी मान्य केले पाहिजे. मुंबईत वांद्र्याला किंवा पुण्यात शिवाजीनगरला कुटुंब न्यायालयात भेटीच्या दिवशी जाऊन बसलेल्या कोणालाही ते दिसते. हातात खाऊचा पुडा आणि खेळणे घेऊन एक माणूस सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी येतो. मूल येत नाही. निरोप येतो, ताप आहे, परीक्षा आहे, ते यायलाच तयार नाही. पुढची तारीख पडते. मूल आलेच तर दोन तास, अनोळखी खोलीत, इतर चार कुटुंबांच्या देखत, आणि बाहेर मामा नाहीतर आजोबा घड्याळ बघत उभे. रात्री मुक्काम मिळावा म्हणून वेगळा अर्ज, दिवाळीच्या सुट्टीसाठी वेगळा, वाढदिवसासाठी वेगळा. दोन वर्षांचे मूल पाच वर्षांचे होते आणि बापाला ओळखेनासे होते. या बापांना राग यावा यात नवल काही नाही. पण त्या रागाने जे औषध निवडले आहे ते या रोगाचे नाही.

या मागणीचा पहिला आधार असा, की आपला कायदाच आईच्या बाजूचा आहे. हे विधान इतक्या वेळा ऐकू येते की कायदा उघडून पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ सालचा. त्याच्या सहाव्या कलमात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचे नाव आहे, आणि ‘त्यांच्यानंतर’ आईचे. पाच वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईच्या ताब्यात असावे एवढीच सवलत तिला आहे, आणि तीही ‘सर्वसाधारणपणे’. लेखिका गीता हरिहरन यांना मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे होते. बँकेने वडिलांची सही मागितली. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितले की ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर असे समजायचे कारण नाही. वडील हजर नसतील, मुलाकडे लक्ष देत नसतील, तेव्हाही आई पालक होऊ शकते. अर्थ सैल झाला, शब्द मात्र तसेच राहिले. विधी आयोगाने १९८९ मध्ये ते बदला म्हणून सांगितले, २०१५ मध्ये पुन्हा सांगितले, २०२२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही तेच सांगितले. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये निर्णय घेतला की मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहायचे, मग वडिलांचे. शाळेच्या दाखल्यावर आई अशी पुढे आली. पालकत्वाच्या केंद्रीय कायद्यात ती अजून ‘नंतर’च आहे.

इतिहासही हेच सांगतो. ज्या इंग्रजी कायद्यातून आपला १८९० चा पालक व पाल्य अधिनियम घडला, त्यात मूल बापाचेच असे. कॅरोलाइन नॉर्टन या इंग्रज लेखिकेची तीन मुले १८३६ मध्ये नवऱ्याने तिच्यापासून तोडली आणि तिला भेटूही दिले नाही. तिने पत्रके लिहिली, खासदारांच्या मागे लागली, आणि १८३९ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्यांदा असा कायदा झाला की आई सात वर्षांखालच्या मुलाच्या ताब्यासाठी आणि मोठ्या मुलाच्या भेटीसाठी न्यायालयात अर्ज करू शकेल. तिचा धाकटा मुलगा १८४२ मध्ये घोड्यावरून पडून गेला. ती पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. पुढे काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या अ‍ॅनी बेझंट यांच्याकडून १८७८ मध्ये इंग्रज न्यायालयाने त्यांची मुलगी काढून घेतली. त्या नास्तिक होत्या आणि संततिनियमनाचे पुस्तक त्यांनी छापले होते, एवढे कारण पुरले. लहान मूल आईकडे असावे हा विचार कायद्यात अशा लढायांतून आला. आज त्यालाच आईचा जुना विशेषाधिकार म्हणून दाखवले जाते, हे इतिहासाला धरून नाही.

यावर उत्तर येते: कलमे काहीही असोत, न्यायालये शेवटी मूल आईलाच देतात. पुष्कळदा देतात, हे खरे. का देतात हे मात्र विचारायला हवे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुलांची, आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया १३४ मिनिटे, पुरुष ७६. शिवाय या आकड्यांत अशी कामे करणाऱ्यांचीच सरासरी आहे. देखभालीला हातच न लावणारे पुरुष त्यात धरलेलेच नाहीत. मुलाला शाळेत कोण सोडते, कोणती लस राहिली आहे, कोणत्या बाईंना ते घाबरते, रात्री दचकून उठले की कोणाला हाक मारते, हे न्यायाधीश विचारतो तेव्हा बहुतेक घरांत उत्तर एकच येते. लग्न टिकलेले असताना जो कामाचा निम्मा वाटा कधी उचलला गेला नाही, तो लग्न मोडल्यावर वेळेच्या रूपाने कायद्याकडे मागायचा, यात मुलाचे हित कुठे आहे? ज्या वडिलांनी तो वाटा उचलला आहे त्यांनी तो न्यायालयात दाखवावा आणि न्यायालयाने त्याला पुरेपूर वजन द्यावे. आणि असे निकाल होतात. आई कर्करोगाने गेली आणि वडील स्वतः रुग्णालयात, म्हणून आईच्या माहेरच्यांकडे वाढलेल्या बाळाचा ताबा मुंबई उच्च न्यायालयाने वडिलांना दिला; २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

न्यायालयापर्यंत जे पोहोचतच नाहीत त्यांचाही विचार या वादात होत नाही. २०११ च्या जनगणनेत विवाहितांच्या तुलनेत घटस्फोटित ०.२४ टक्के होते आणि नुसते विभक्त राहणारे ०.६१ टक्के, म्हणजे अडीचपट. गावोगाव ज्या बायकांना माहेरी आणून सोडले जाते, पुन्हा नांदायला नेलेच जात नाही, त्यांच्या मुलांचा ताबा कोणत्या न्यायाधीशाने ठरवला? मुलगा घराण्याचा म्हणून सासरी ठेवून घेतला, मुलगी आईबरोबर धाडून दिली, असा निवाडा ओसरीवर होतो. संगमनेरच्या निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून परित्यक्ता स्त्रियांना संघटित केले, त्यांचे प्रश्न महाराष्ट्रापुढे आणले. त्या स्त्रियांपैकी कोणाला मूल भेटावे म्हणून निम्म्या वेळेचा कायदा उपयोगी पडला असता? तिला वकील परवडत नव्हता, तालुक्याच्या गावी जायला गाडीभाडे नव्हते. ‘कायदा बायकांचा आहे’ म्हणणाऱ्याने एकदा तिच्या बाजूने हा प्रश्न पाहावा.

आता त्या निम्म्या वेळेकडे येऊ. वाटणी जमिनीची होते, दागिन्यांची होते. मुलाच्या आठवड्याची तशी करता येत नाही, कारण आठवडा ज्याचा आहे तो स्वतः दोन्ही तुकड्यांत राहणार असतो. आई विरारला, वडील पनवेलला. शाळा कुठली? सोमवार ते बुधवार एका घरातून दीड तासाचा प्रवास, गुरुवारी दप्तर, गणवेश, दम्याचा पंप आणि अर्धवट राहिलेला प्रकल्प घेऊन दुसऱ्या घरी. मित्र कोणत्या इमारतीतले? क्लास कोणत्या स्टेशनजवळ? हे प्रश्न किरकोळ नाहीत, मुलाचे आयुष्य याच प्रश्नांचे बनलेले असते. आईवडील एकमेकांशी धड बोलत असतील, घरे जवळ असतील, तर अशी सोय उत्तम चालते. स्वीडनमध्ये मोठ्या संख्येने मुले आळीपाळीने दोन्ही घरी राहतात, आणि ती बहुतेक आईवडिलांनी आपसांत ठरवलेली सोय असते. ज्यांचे जमते त्यांना कायद्याच्या जबरदस्तीची गरज नसते. जबरदस्ती होणार ती ज्यांचे अजिबात जमत नाही, जे एकमेकांवर चार-चार खटले लढत आहेत, त्यांच्यावर. म्हणजे ही तरतूद नेमकी त्याच घरांना लागू पडेल जिथे ती सर्वात कमी चालण्यासारखी आहे.

कर्नाटक उच्च न्यायालयाचा २०१३ चा एक निकाल या चळवळीत फार सांगितला जातो. बारा वर्षांच्या मुलाचा ताबा न्यायालयाने आईवडिलांना संयुक्तपणे दिला: जानेवारी ते जून वडिलांकडे, जुलै ते डिसेंबर आईकडे, आणि ज्याच्याकडे मूल नसेल त्याला शनिवार-रविवारी भेट. चांगला निकाल होता. पण तो कसा झाला ते बघा. न्यायालयासमोर एक विशिष्ट मुलगा होता, त्याचे वय माहीत होते, त्याला दोघेही हवे होते, आणि हे सगळे तपासून तो आदेश लिहिला गेला. तीच वाटणी न्यायाधीशाने दूध पिणाऱ्या बाळाला, दहावीच्या मुलीला किंवा स्वमग्न मुलाला न तपासता लावली तर? विधी आयोगाच्या २५७ व्या अहवालात, २०१५ मध्ये, हाच विचार आहे. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते. मूळचे सोलापूरचे, मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले. संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात स्पष्ट लिहावा, मुलाच्या हिताचा असेल तिथे तो द्यावा, असे आयोगाने सुचवले. सगळ्यांना तो आधीच लागू धरावा असे सुचवले नाही. निम्म्या वेळेचे पुरस्कर्ते या अहवालाचा पहिला भाग सांगतात आणि दुसऱ्यावर गप्प बसतात.

परदेशाचा दाखलाही असाच अर्धा दिला जातो. अमेरिकेतल्या केंटकी राज्याने २०१८ मध्ये निम्म्या वेळेचे गृहीतक कायद्यात आणले, हे खरे आहे. तिथेही घरगुती हिंसाचाराचा आदेश झालेल्या प्रकरणांना त्यातून वगळले आहे. पण याहून मोठा आणि जुना अनुभव ऑस्ट्रेलियाचा. त्या देशाने २००६ मध्ये कायदा बदलला. आईवडिलांची जबाबदारी समान आहे असे न्यायालयाने गृहीत धरायचे, आणि तसे धरले की मुलाचा वेळही समान वाटता येईल का याचा विचार करायचा, अशी ती तरतूद होती. निम्मा वेळ हा हक्क आहे असे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते. लोकांनी मात्र तसाच अर्थ घेतला. बाप ‘माझे पन्नास टक्के’ म्हणून दाराशी उभे राहिले; मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेल्या बायकांनी, न्यायालयात काही चालणार नाही असे समजून, मुलांना धोक्याच्या घरी पाठवायला होकार दिला. तिथल्या विधी सुधारणा आयोगाने २०१९ मध्ये कायदा सोपा करा, हे गृहीतक बदला असे सांगितले. संसदेने २०२३ मध्ये ते काढूनच टाकले, आणि ६ मे २०२४ पासून तिथे पुन्हा मुलाचे हित हाच पहिला प्रश्न झाला. सतरा-अठरा वर्षे एका देशाने हा प्रयोग केला, त्याची किंमत मुलांनी मोजली, आणि त्यातून तो देश बाहेर पडत असताना आपल्याकडे तोच प्रयोग नवा म्हणून मागितला जातो आहे.

त्याच ऑस्ट्रेलियाने २००६ च्या सुधारणेबरोबर देशभर ६५ कुटुंब केंद्रे उघडली. वेगळे होणारे जोडपे न्यायालयात जाण्याआधी तिथे समुपदेशकासमोर बसते आणि मुलाचे वेळापत्रक ठरवते. गृहीतक गेले, ती केंद्रे राहिली. आपण काही उचलायचेच असेल तर ते काय, हे यातून कळते.

हिंसाचाराचा मुद्दा काढला की लगेच उत्तर येते, खोट्या तक्रारी फार होतात. काही तक्रारी खोट्या असतात, आणि त्यांनी निरपराध माणसांची वर्षे खाल्ली आहेत. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, १८ ते ४९ वयाच्या विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून झालेली हिंसा सांगितली. ही माहिती घरी आलेल्या सर्वेक्षकाला दिलेली आहे. त्यात पोटगी मिळवायची नव्हती की कोणाला तुरुंगात धाडायचे नव्हते. त्यांतल्या बहुतेक जणी कधी पोलिसात गेल्या नाहीत, त्यामुळे न्यायालयात दाखवायला त्यांच्याकडे कागद नाही. निम्म्या वेळेचे गृहीतक आले की धोका सिद्ध करण्याचे ओझे या बाईवर येते. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचे २१ वे कलम दंडाधिकाऱ्याला सांगते की मुलाचा तात्पुरता ताबा पीडित बाईला देता येईल, समोरच्याला भेट कशी द्यायची ते ठरवता येईल, आणि भेटीने मुलाचे नुकसान होणार असेल तर भेट नाकारावी लागेल. प्रत्येक मुलापुरता विचार करणारी ही व्यवस्था आहे. सरसकट गृहीतक तिच्या पायावरच घाव घालते.

‘मुलाचे कान भरले’ हा आरोपही या वादात हत्यार म्हणून वापरला जातो. रिचर्ड गार्डनर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९८५ मध्ये त्याला रोगाचे नाव दिले. मूल एका पालकाला नाकारते ते दुसऱ्याने त्याला फितवल्यामुळे, अशी ती मांडणी. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत रोगसूचीत, २०१३ च्या आवृत्तीतही, या नावाला जागा मिळाली नाही. तरी मुलांचे कान भरले जातात, यात शंका नाही. आई भरते, बाप भरतो, दोन्हीकडच्या आज्या भरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात हा विषय सविस्तर मांडला, आणि तो निकाल वडिलांच्या संघटना अभिमानाने सांगतात. त्या खटल्यात मुलगी दोन वर्षांचीही नसल्यापासून वडिलांकडे होती, आई तिला परकी झाली होती, आणि न्यायालयाने ताबा आईला दिला. म्हणजे मुलाला तोडण्याचे पाप कोणत्या एका बाजूच्या नावावर लिहिलेले नाही. ज्याच्या हातात मूल असते त्याला ते करता येते.

यातून प्रश्नाचे खरे मूळ सापडते. मूल ज्याच्याकडे आहे त्याच्या हातात वेळ असतो, आणि आपली न्यायव्यवस्था त्याला तो वेळ हवा तितका देते. तीन वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात सहा महिने हा फार मोठा काळ आहे. तेवढ्यात एखादा अंतरिम अर्ज दाखल होतो, त्याला उत्तर येते, प्रत्युत्तर येते, वकील आजारी पडतात, न्यायाधीशांची बदली होते. अंतिम निकालापर्यंत ‘मूल आता इथेच रुळले आहे’ हे कारण आपोआप तयार होते. वडिलांकडे मूल असेल तर हे आईच्या वाट्याला येते, आईकडे असेल तर वडिलांच्या. पन्नास टक्क्यांचा कायदा उद्या झाला तरी त्याची अंमलबजावणी याच तारखांमधून जाणार. आज दोन तासांचा आदेश पाळला जात नाही. उद्या पंधरा दिवसांचा कोण पाळायला लावणार?

हिंदू विवाह कायद्याच्या २६ व्या कलमाला २००१ मध्ये एक परंतुक जोडले गेले. खटला चालू असताना मुलांच्या पोटगीचा आणि शिक्षणाचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे ते म्हणते. विशेष विवाह कायद्याच्या ३८ व्या कलमातही तीच तरतूद आहे. भेटीच्या अर्जासाठी असे परंतुक नाही. मुलाची फी किती दिवसांत ठरावी हे संसदेला सुचले. मुलाने आई किंवा बाप किती दिवसांत बघावा हे सुचले नाही. ही उणीव वडिलांच्या संघटनांनी धरून ठेवली असती, तर आजवर पुष्कळ काही झाले असते, आणि त्या मागणीला स्त्रियांच्या संघटनांनीही साथ दिली असती.

कारण भेट हा मुलाचा हक्क आहे. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या नवव्या अनुच्छेदात स्पष्ट आहे: पालकापासून दूर राहणाऱ्या मुलाला दोन्ही पालकांशी नियमित संबंध आणि प्रत्यक्ष संपर्क ठेवण्याचा हक्क आहे, तो त्याच्या हिताविरुद्ध जात नसेल तर. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये हेच पुढे नेले. त्या प्रकरणातले जोडपे अमेरिकेत राहत होते, तिथल्या न्यायालयाचा आदेश झालेला असताना आई मुलीला घेऊन भारतात आली होती. न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी लिहिले की ताब्याच्या लढाईत कोणीही जिंको, हरते ते मूल. आणि विशेष कारण नसेल तर ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता आले पाहिजे, व्हिडिओवरून का होईना. पुण्या-नाशिकहून न्यू जर्सी, लंडनला गेलेल्या आणि तिथे वेगळ्या झालेल्या मराठी जोडप्यांना याचे महत्त्व कळेल. समुद्रापलीकडे पंधरा-पंधरा दिवस वाटता येत नाहीत, रोजची पाच मिनिटे देता येतात.

हक्क मुलाचा मानला की आज सर्रास चालणारी एक सौदेबाजी बंद करावी लागते. पोटगी थकली म्हणून भेट बंद. भेट मिळत नाही म्हणून पोटगी बंद. दोन्ही बाजूंना यात न्याय वाटतो, आणि काही वकील अशिलाला हेच शिकवतात. बापाने पैसे दिले नाहीत ही त्याची चूक. तिची शिक्षा म्हणून मुलीला बाप दिसू नये? आईने भेट दिली नाही ही तिची चूक. तिची शिक्षा म्हणून मुलाची शाळेची फी थांबावी? पोटगीची वसुली पगारातून, जप्तीतून करता येते. भेटीचा आदेश मोडणाऱ्यावर अवमानाची कारवाई होऊ शकते, बुडालेले तास पुढच्या सुट्टीत भरून देता येतात, आणि सतत आदेश मोडणाऱ्याकडून ताबा काढून घेण्याचाही अधिकार न्यायालयाला आहे. हे अधिकार वापरले जात नाहीत, हा दोष आहे. मुलाला भेटू न देणारी आई ‘मी त्याच्या भल्यासाठीच करते’ म्हणते तेव्हा तिलाही स्पष्ट सांगितले पाहिजे: धोका असेल तर तो न्यायालयासमोर मांड, समुपदेशकाच्या देखरेखीखाली भेट माग. नुसता राग असेल तर त्याची किंमत तुझे मूल देते आहे.

भेटून परत आलेली मुले बघा. मजा आली हे सांगायचे नाही, बाबांनी दिलेला शर्ट कपाटात खाली लपवायचा, आईने विचारले तर ‘काही नाही, नुसते बसलो’ म्हणायचे. सात-आठ वर्षांच्या मुलाला ही राजनीती शिकावी लागते. न्यायाधीश दालनात बोलावून विचारतात, कोणाकडे राहायचे? कायदा त्यांना मुलाची इच्छा विचारात घ्यायला सांगतो, ते योग्यच आहे. पण त्या मुलाला त्या दिवशी ज्याच्या गाडीतून घरी जायचे असते त्याच्या बाजूने ते उत्तर देते. प्रशिक्षित समुपदेशकाने तीन-चार वेळा निवांत बोलल्याशिवाय या उत्तराला अर्थ नसतो. महाराष्ट्रात कुटुंब न्यायालयांना समुपदेशक असतात ही आपली जमेची बाजू आहे. त्यांची संख्या वाढवणे, भेटीच्या खोल्या मुलांना बसावेसे वाटेल अशा करणे, आणि तालुक्याच्या न्यायालयांतही ही सोय देणे, यासाठी कोणत्याही क्रांतिकारी कायद्याची गरज नाही. पैसे लागतील आणि इच्छा लागेल.

म्हणून निम्म्या वेळेच्या गृहीतकाची मागणी सोडून द्यावी, आणि तिच्यामागच्या सगळ्या शक्तीने तीन गोष्टी मागाव्यात. १९५६ च्या कायद्यातला ‘नंतर’ हा शब्द काढून आई आणि वडील सारखे पालक ठरवावेत. संयुक्त ताबा हा पर्याय म्हणून कायद्यात लिहावा. आणि २६ व्या व ३८ व्या कलमांच्या परंतुकांत पोटगी-शिक्षणाच्या जोडीला भेटीचा अर्ज घालून त्यालाही साठ दिवसांची मुदत लावावी. तिसऱ्या मागणीला एका ओळीची दुरुस्ती पुरते. महाराष्ट्रातल्या खासदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, येत्या अधिवेशनात ती मांडावी. आणि तोवर, ज्या वकिलांकडे आज असे जोडपे येईल त्यांनी पहिल्याच तारखेला, पोटगीच्या अर्जाबरोबर, मुलाच्या भेटीचा अर्जही दाखल करावा, मग अशील आई असो की बाप.